बायकोला शिकवलेली पाश्चात्य रंगभूमी

मेंदूच्या झटक्यानं बायकोची वाचा गेली, तेव्हा स्पीच थेरपिस्ट बाईंनी मला बजावलं, "सर, तुम्ही बोलत राहा. घरात शांतता नको." सांगायला काय जातं! आमच्या संसारातलं सगळं बोलणं आजवर तिनंच केलं होतं, माझ्या वाट्याला हुंकार. ऊन वाढलं, भाजी महाग झाली, सीताबर्डीत पाय ठेवायला जागा नव्हती, एवढं सांगून झालं की माझा साठा संपायचा. ती उशीला टेकून, निर्जीव उजवा हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत राहायची. तिला सगळं समजत होतं. समजत होतं म्हणूनच मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

शेवटी मला जे येतं ते मी काढलं. जन्मभर कॉलेजात मी पाश्चात्य रंगभूमीचा इतिहास हा पेपर शिकवला, ग्रीकांपासून प्रबोधनकाळापर्यंत. रिकाम्या बाकांपुढं बोलायची सवय होतीच. एका सकाळी तिला चहा पाजला, खुर्ची ओढली आणि सुरू झालो. डोंगराचा उतार, त्यावर बसलेलं अख्खं गाव, खाली गोल अंगणात गाणारा-नाचणारा कोरस. त्या घोळक्यातून एक जण बाजूला झाला आणि घोळक्याशी बोलू लागला. तो पहिला नट. हे वाक्य झालं की वर्गात मी थोडा थांबायचो. इथंही थांबलो. तिनं ओठ उघडले, मानेच्या शिरा ताणल्या आणि "त... त... त..." एवढंच बाहेर आलं. मी बाथरूममध्ये गेलो, नळ सोडला आणि पोटभर रडलो.

तुम्हाला वाटेल, म्हातारा हळवा आहे. पण तिचा आवाज पूर्वी कसला होता हे तुम्ही ऐकलेलं नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत ती झाडीपट्टीत नाटकं करायची, तिकडं वडसा-ब्रह्मपुरीच्या बाजूला. धान कापून मोकळ्या झालेल्या शेतात मांडव, समोर बैलबाजारासारखी गर्दी, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही तिचा उसासा ऐकू जायचा. त्याच बाईला आता पाणी मागता येत नव्हतं.

पेपर पुढं सरकत होता. रोमन आले, दगडी थिएटरं उठली. मग चर्चनं नाटकाकडं पाठ फिरवली. "पुढं कित्येक वर्षं नाटकाची वाचाच बसली," मी सवयीनं बोलून गेलो. वर्षानुवर्षं वर्गात फेकलेलं वाक्य. बोललो आणि जीभ चावली. ती खिडकीकडं बघत होती. त्या दिवशी मी तास लवकर सोडला.

तिची मोठी बहीण काटोलहून आली होती, संत्र्यांची पिशवी घेऊन. दोन दिवस तिनं सहन केलं. तिसऱ्या दिवशी दारात उभी राहिली. "काहून तिचं डोकं पिकवून राहिले भाऊजी? त्यापेक्षा देवाचं नाव घ्या न तिच्यापाशी."

"देवाचंच चालू आहे," मी म्हणालो. "चर्चपर्यंत आलो."

ती कपाळावर हात मारून स्वयंपाकघरात गेली. मी चिडून पुढं सुरू केलं. मध्ययुगात ज्या चर्चनं नाटक टाकलं, त्याच चर्चमध्ये ते पुन्हा उगवलं. पुढं ते रस्त्यावर आलं. सुतार, पाववाले, कोळी, ज्याचा त्याचा बायबलमधला एकेक प्रसंग, आणि गाड्यांवरून मिरवत न्यायचे, आपल्या रामनवमीच्या शोभायात्रेतल्या चित्ररथांसारखे. "आणि नट कोण? साधी गावकरी माणसं. काही ठिकाणी तर पाठांतरच नसे. हातात पोथी आणि काठी घेतलेला एक माणूस भर प्रयोगात त्यांच्या मागं मागं फिरायचा आणि एकेकाला त्याचं वाक्य सांगायचा."

बायको हसली. खरोखर हसली, नाकातून. डावा हात उचलून तिनं जमिनीकडं बोट दाखवलं, मग तोंडाकडं, मग परत जमिनीकडं.

प्रॉम्प्टर! झाडीपट्टीत आज एक नाटक, उद्या दुसऱ्या गावी दुसरंच. पाठांतराला वेळ असतो कुणाला? रंगमंचाच्या पुढं खड्ड्यात प्रॉम्प्टर बसतो आणि अख्खं नाटक हळू आवाजात वाचत जातो. नट ते कानानं उचलतात आणि तोंडानं फेकतात. आणि मी काय करत होतो? "पाणी. म्हण, पाणी," म्हणायचो आणि डोळे वटारून तिच्या तोंडाकडं बघायचो, तोंडी परीक्षा घेणाऱ्या परीक्षकासारखा. प्रॉम्प्टर थांबत नाही आणि वर बघतही नाही.

मी पलंगाजवळ जमिनीवर बसलो. गुडघे कुरकुरले. तिच्याकडं पाठ केली आणि तिच्या एका गाजलेल्या नाटकातलं वाक्य हळू आवाजात सुरू केलं, न थांबता. "थांबा! या घरातून कोणी जायचं आणि कोणी राहायचं, हे आज मी ठरवणार!"

दुसऱ्यांदा म्हणताना वरून आवाज आला. जाड, घसरता, माझ्या अर्धा शब्द मागं. पण पूर्ण वाक्य! बहीण ओल्या हातांनी धावत आली. "बोलली वं माय! बोलली!" म्हणून तिनं पदरात तोंड खुपसलं.

थेरपिस्ट बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, सोबत बोलताना असं जमतं काहींना. एकटीनं जमेलच असं नाही. त्या बरोबर होत्या. मी थांबलो की ती थांबायची, पुढं पुन्हा "त... त..."

तरी मी हावरटासारखा सुटलो. उरलेला पेपर आम्ही दोघांनी मिळून शिकवला. इटलीत पडद्यावर दूर जाणारे रस्ते रंगवले, लंडनमध्ये उघड्या आभाळाखाली माणसं तासन्‌तास उभी राहून नाटक बघत होती, हे सगळं ती माझ्यामागं बोलली. माझ्या तासाला बसली असती तर घोरली असती अशी बाई! ऐकताना सुख व्हायचं, पण तेवढ्यापुरतंच. आवाज तिचा होता, बोलत मीच होतो. घरात अजूनही मी एकटाच बोलत होतो.

पेपर संपला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा जमिनीवर बसलो आणि मला जे ऐकायचं होतं ते सांगायला लागलो. "मी बरी आहे. तुम्ही काळजी करू नका. मी बरी आहे."

वरून काही आलं नाही. मी नेटानं पुन्हा म्हणालो, "मी बरी आहे."

खांद्यावर तिचा डावा हात आपटला. मी वळलो. तिचा जबडा थरथरत होता, डोळे लाल झाले होते. या वेळी मी वाक्य पुरवलं नाही. कितीतरी वेळ नुसती हवा येत राहिली तोंडातून.

"ना... नाई," ती म्हणाली. "नाई... बरी."

इतके दिवस मी तिचं स्वतःचं एक वाक्य मागत होतो. ते आलं आणि मला ते ऐकवेना. "होशील," असं म्हणायला मी तोंड उघडलं. ती माझ्याकडं बघत होती. मी तिचा हात धरला.

"हो वं," मी म्हणालो. "नाई बरी तू."

तिनं डोळे मिटले आणि मान हलवली.