बटण कुणी दाबलं?

मी इंजिनिअर आहे. गूढ अनुभव सांगणाऱ्यांना मी नेहमी एकच विचारायचे — "रीडिंग घेतलं होतं का?" आज माझ्याकडे रीडिंग आहे... आणि तरी काही सांगता येत नाही.

मी दिल्लीत, मुनिरक्यात भाड्याच्या खोलीत राहते. जवळच्याच एका लॅबमध्ये आम्ही वेदना मोजायचं यंत्र तपासत होतो. कॉम्प्युटरवर चालणारा रबरी टोकाचा दांडा त्वचेवर हळूहळू दाब वाढवतो. दुखायला लागलं की माणसाने हातातलं बटण दाबायचं, दांडा लगेच मागे येतो.

गेल्या हिवाळ्यात आई परभणीहून आली होती. एका दुपारी माझा डबा घेऊन लॅबमध्ये आली आणि हट्टच धरून बसली, "माझ्यावर लावून बघ की!" नियमात बसत नव्हतं. पण म्हटलं, चलो, एकदा. तिचा तळपाय स्टँडवर ठेवला आणि सुरू केलं.

"दुखतंय?"

"छे गं. काहीच नाही."

स्क्रीन बघितली, तर दाब वाढतच चालला होता. सकाळी रबराच्या ठोकळ्यावर चाचणी घेताना ठेवलेली दाबाची मर्यादा मी बदललीच नव्हती! स्टॉपवर क्लिक केलं — माउस हलेना. माझा सहकारी गौरव मेन स्विचकडे धावला... तो पोचायच्या आत दांडा खाडकन मागे आला.

स्क्रीनवर ओळ उमटली — बटण दाबले.

"शुक्र है आंटी, आपने बटन दबा दिया," गौरव म्हणाला.

"कुठलं बटण?" आईने विचारलं.

बटण टेबलावर होतं. तिच्या हातात द्यायलाच मी विसरले होते. वायर गुंडाळलेली, पिन यंत्रात खोचलेलीसुद्धा नाही!

आईच्या पायावर काळानिळा वळ उठला होता आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. मी पाय हातात घेऊन नीट बघितला, तर बोटांच्या बेचकीत जखम. पू झालेला.

"आई, हे कधीपासून?"

"दिसलंच नाही गं... पाय जरा बधिर असतात. शुगरमुळे असेल. तुला कशाला उगाच काळजी, म्हणून बोलले नाही."

तसंच तिला हॉस्पिटलमध्ये नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडे दिवस गेले असते तर पाय वाचवणं अवघड होतं. मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून रडले, आणि आईच मला समजावत बसली.

लॅबच्या सरांना सगळं खरं सांगितलं. बोलणी खाल्ली, ती योग्यच होती. मग गौरवने आणि मी पिन काढून पुन्हा पुन्हा चाचणी घेतली. दांडा एकदाही मध्येच थांबला नाही.

"लूज कॉन्टॅक्ट होगा यार," तो म्हणाला.

पण पिनच लावलेली नव्हती, तर कॉन्टॅक्ट कसला?

जखम आता पूर्ण भरली आहे. परभणीत आई रोज सकाळी फिरायला जाते आणि परत आली की फोन करते. तेव्हा काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. खरं सांगू? फोन वाजला की जाणून घ्यावंसंही वाटत नाही.