आतल्या कड्या

कापडबाजारात चाचांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, पण लढाईच्या शेवटच्या वर्षात तिथं एकही घड्याळ दुरुस्त झालं नाही. कॅम्पातल्या कुणा साहेबानं त्यांना खेळण्यातल्या आगगाडीचे डबे आणून दिले होते. त्या डब्यांच्या पायऱ्या, खिडक्यांचे गज, दारांच्या कड्या चाचा पितळेत घडवत बसत. एकेक वस्तू तांदळाच्या कणीएवढी.

माझं घड्याळ चार महिने खणात पडून होतं. विचारलं की म्हणत, "मास्तर, तुमी पायी जाता. हितं गाडी खोळंबलीय."

दारांना ते आतूनही कड्या लावत. "छप्पर बसल्यावर त्या दिसणार कुणाला?" मी एकदा चिडून विचारलं.

"दिसायचं काय त्यात? आतला मानूस उतरंल कसा?"

एके दिवशी त्यांनी केसाएवढी बारीक धोक्याची साखळी बसवली. मी चिमट्यानं ती सहज ओढली. चाचांनी डोळ्याचं भिंग काढलं.

"का वडली?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"कारन सांगा. त्याबिगर गाडी हलायची न्हाई."

मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळली होती. सुटका व्हावी म्हणून मी म्हणालो, "आमचं एक माणूस खाली राहिलं."

चाचांनी मान डोलावली. नखानं दार उघडलं, कुणी चढेल इतका वेळ थांबले आणि आतून कडी घातली.

"म्हातारं मानूस हुतं," ते हळूच म्हणाले. "बरं केलं वडली ते."

मी वाकून डब्यात पाहिलं.