दादाचा उजवा हात

वहिनीचा फोन सकाळी आला. "ताई, हे डोळं उघडीत न्हाय. अंग तापलंय." मी काल्हेरहून भिवंडीच्या दवाखान्यात पोहोचले, तोवर दादाला आत नेलं होतं. तिसऱ्या दिवशी तो गेला... त्याला आता पाच आठवडे झाले.

दादा दापोड्याच्या गोदामात माल लावायचा. तीन वर्षांपूर्वी उंच थप्पीवरून पडला आणि मानेचा मणका मोडला. छातीखालचं सगळं लुळं पडलं, बोटंही गेली. आठ महिन्यांनी व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी दाखवलं, की उजवं मनगट वर उचललं की बोटं आपोआप मिटतात. दादाने त्या पकडीवरच जीव लावला. आधी रुमाल, मग चमचा, मग कानाचा कप. चहाचा पहिला घोट त्याने स्वतः घेतला तेव्हा आम्ही रडलो. तेव्हापासून घरात सगळ्यांचं लक्ष त्या हातावर.

बाईंनी आणखी एक बजावलं होतं... कूस बदलत राहा, पाठ रोज बघा, एकाच जागी दाब पडून जखम होते. दादा ऐकेना. खुर्चीत तासन्‌तास बसायचा. "निजून हात शिकतो का?" म्हणायचा. गेल्या हिवाळ्यात मी गेले, तर खोलीत उदबत्तीचा दाट धूर. "एवढी कशाला रे?" मी विचारलं. "मीच लावायला सांगतो," म्हणाला आणि मला दाखवायला त्याने पेन उचललं. धुराखाली दुसरा एक वास होता. तो मला आला. मी मात्र पेनाकडेच बघत राहिले.

दवाखान्यात कळलं, जखम माकडहाडापाशी होती, हाडापर्यंत गेलेली; तिचं विष रक्तात भिनलं होतं. तिथलं काही कळतच नव्हतं, त्यामुळे त्याला दुखलं नाही. वहिनी मलम लावत होती. "कोणाला सांगायचं न्हाय, अशी शपथ घातली व्हती त्यांनी," ती दवाखान्याच्या पायरीवर बसून म्हणाली.

मधे थोडा वेळ तो शुद्धीवर आला.

"दादा, बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर महिनाभर पालथा निजवला असता. हात सगळं इसरला असता."

भाची, दादाची लेक, पाचवीत आहे. तिच्या गणिताच्या वहीवर नाव दादाने त्या हाताने लिहिलंय, अक्षरं घसरत खाली गेलेली. गेल्या आठवड्यात ती वही संपली. मी नवी आणून दिली, ती दप्तरात कोरीच आहे. पोर जुन्या वहीच्या समासात, बारीक अक्षरात गणितं सोडवते.