आंतोन मास्तरचा बंद पाडलेला वर्ग

आंतोन मास्तर गेल्याचं मला माण गावी, मेव्हण्याच्या खळ्यावर कळलं. आमच्या गावाहून, रिह्याहून आलेला गडी म्हणाला, "दाजी, तुमचा मिशनचा मास्तर गेला. तापानं." मी हातातलं सूप तिथंच टाकलं आणि असा पळालो की वाटेत घोडी मागं पडली असतील. तरी पोचेपर्यंत माती टाकून झाली होती. थडग्याशी आमच्या गावचे पंच उभे होते, तोंडं एवढी लांब केलेली की हनुवट्या चिखलाला टेकाव्यात. याच तोंडांनी त्याचा वर्ग बंद पाडला होता. महिना झाला, माझा राग उतरत नाही... म्हणून हे लिहायला बसलो. गोड आठवणी हव्या असतील त्यांनी पान उलटावं.

आंतोन नगरकडचा. मिशनच्या प्राथमिक शाळेत मास्तर म्हणून आमच्याकडं आला तो एक पेटी आणि एक फिडल घेऊन. शाळा सुटली की मागच्या खोलीत त्याची दुसरी शाळा भरायची. जो थांबेल तो विद्यार्थी. जात नाही, धर्म नाही, हजेरी नाही. पावकी-निमकीचे पाढे ढोलकीच्या ठेक्यावर म्हणायचे, अंगणातल्या मातीत आख्ख्या खोऱ्याचे डोंगर उभे करायचे, चित्रं काढायची, गायचं, आणि नाताळला एक नाटक. फिडल तर असं वाजवायचा की आमच्या म्हशीनं एकदा दोन्ही वेळचं दूध सकाळीच दिलं. खोटं वाटत असेल तर म्हशीला विचारा, ती अजून आहे. माझ्या थोरल्याला शाळेत दोन वर्षांत जे आलं नाही, ते त्या खोलीत दोन महिन्यांत आलं. पण तिथं माळावरची धनगरांची पोरंही घोंगडी पांघरून येऊन बसायची. हेच आमच्या पंचांच्या डोळ्यांत खुपलं. "आमच्या पोरांच्या मांडीला मांडी लावून ती बसत्यात, मास्तर," असं ते म्हणायचे. मास्तर म्हणायचा, "मांडीच लावतात, पाटील. खात नाहीत." तेव्हापासून पंच निमित्तच शोधत होते.

निमित्त दिलं नाटकानं. येशूच्या जन्माचं नाटक होतं. आकाशात देवदूत येतो, बाळ जन्मल्याचं सांगतो आणि मेंढपाळ उठून गोठ्याकडं धावतात. मेंढपाळ अर्थातच धनगरांची पोरं. तालमीला मी दारात तंबाखू मळत बसलो होतो. देवदूत बोलला, सगळी धावली, आणि बायजा नावाची एक पोर काठी रोवून जाग्यावरच उभी.

"चल की गं," मास्तर म्हणाला.

"म्या न्हाई जायाची."

"का?"

"समदीच गेलो तर मेंढरं कुनाच्या जिवावर सोडायची? लांडगा काय तुमच्या देवदूताला भितुया व्हय?"

मास्तर एवढा हसला की शाळेची चार कौलं सरकली.  दुसऱ्या दिवशी त्यानं नाटक बदललं. बाकीचे मेंढपाळ बाळाला बघून येतात, बायजा मागं मेंढरांपाशी राहते. आणि शेवटी मारिया झालेली सुताराची पोर बाळ कडेवर घेऊन स्वतः मेंढरांच्या वाड्याशी येते. "तुला यायला जमलं नाही ना? म्हणून मीच आले," एवढंच तिचं वाक्य. नाताळच्या दुपारी ते वाक्य ऐकून माळावरचे बाप्ये घोंगड्यांत तोंडं लपवून रडले. मीही रडलो असेन. धुरानं.

शाळेचे वरिष्ठ, सगळे त्यांना मोठे फादर म्हणतात, पुण्याहून मुद्दाम आले होते. ते रडले नाहीत. "मास्तर, पवित्र ग्रंथात एका मेंढपाळाला मागे ठेवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?" मास्तर म्हणाला, "फादर, मेंढरांचं पुढं काय झालं ते ग्रंथात नाही. या पोरीला ती काळजी लागली." पंच लगेच पुढं सरसावले, फादरांच्या धर्माची त्यांना अचानक केवढी चिंता! नाताळ सरला तशी खोलीला कुलूप लागलं. फिडल 'सांभाळण्यासाठी' पुण्याला गेलं. मास्तरनं यापुढं नेमलेलं तेवढंच शिकवावं, असा हुकूम झाला.

आणि हा माझा मित्र भांडला नाही! त्याचा राग मला त्याच्यावरही आहे. मी म्हटलं, "अरे, कुऱ्हाड देतो, कुलूप फोड." तर म्हणे, "दाजी, खोली त्यांची आहे. पोरं त्यांची नाहीत." शाळा सुटली की तो पोरांबरोबर माळावर जायचा, मेंढरांमागं हिंडत त्यांना शिकवायचा. ऊन नाही, पाऊस नाही. त्याच भिजण्यानं तापला आणि आठवड्यात संपला. डोक्यावर चार कौलं असती तर... जाऊ द्या. नाही, का जाऊ द्या?

परवा शोकसभा झाली. मोठे फादर म्हणाले, मास्तर कलेचे थोर उपासक होते. पंचांनी मान हलवली. ठराव झाला की पुण्याच्या चित्रकाराकडून मास्तरची तसबीर काढून घ्यायची आणि मागच्या खोलीत लावायची. मी उठून विचारलं, "आणि वर्ग?" फादर म्हणाले, "त्याचा यथावकाश विचार करू." तसबीर आत, कुलूप बाहेर!

पण पुण्याच्या चित्रकाराच्या आधी कुणीतरी काम उरकलंय. त्याच खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर कोळशानं मास्तरचं तोंड उमटलं. नाक भोपळ्याएवढं, पण डोळे... डोळे त्याचेच. पंचांनी चुना मारला. सकाळी तोंड पुन्हा हजर, आणि शेजारी निमकी लिहिलेली, एकही चूक नाही. पुन्हा चुना, पुन्हा मास्तर. काल बघितलं तर खाली मातीत खोऱ्याचे डोंगर उभे आहेत आणि पाचसहा पोरं भिंतीला पाठ लावून गातायत.

पंच गावभर विचारत फिरतायत, एवढा कोळसा येतो कुठून? आमच्या चुलीजवळची कोळशाची पाटी रोज रिकामी होते. बायको माझ्याकडं बघते. मी आढ्याकडं बघतो.