मंजूर नसलेलं कार्ड

दुरुस्तीच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत. माणूस लॅपटॉप ठेवून जातो, सोबत संशयही ठेवतो. लॅपटॉप परत जातो, संशय आमच्याकडेच राहतो. राजुऱ्यात मी आणि विलासभाऊ मिळून दुकान चालवतो, त्यामुळे आमच्याकडे आता बराच स्टॉक आहे.

*

गोंडपिपरीकडच्या एका विहारात मायाबाई अभ्यासिका चालवतात. त्यांना कुणीतरी जुने लॅपटॉप दान दिले. पोरींची भरती परीक्षा तोंडावर, सराव सगळा ऑनलाइन, आणि वायफाय कार्डं मेलेली. आम्ही नवीन कार्ड घातलं, तर विंडोज यायच्या आधीच स्क्रीनवर पाटी: हे कार्ड मंजूर नाही. मशीन ठप्प!

ही दादागिरी फर्मवेअरची. कंपनीने बोर्डावरच्या चिपमध्ये भरलेला, सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्राम.

"लॅपटॉप बाईचा, कार्ड बाईचं, अन् मंजुरी देनारा हा कोन?" विलासभाऊ म्हणाला.

*

सर्व्हिस सेंटरला फोन केला. ते म्हणाले, अख्खा बोर्ड बदला.

"नाक गळते म्हनून मुंडकं बदला म्हनते," म्हणत भाऊने फोन ठेवला.

मग ठरलं, कंपनीचं काढून उघडं फर्मवेअर घालायचं. जगभरचे लोक मिळून ते लिहितात, कुणीही वाचू शकतो. फक्त आमच्या मॉडेलसाठी कुणी लिहिलेलं नव्हतं. ते आमच्याच गळ्यात पडलं.

*

भाऊ त्या लॅपटॉपसमोर कुजबुजत बोलायचा.

"अरे, बंद आहे तो," मी म्हणालो.

"बंद असला तरी आत एक छोटा प्रोसेसर जागाच रायते. तो काय करते, कंपनी सांगत नाई."

मी हसलो. पण दुसऱ्या दिवसापासून मीही कामाचं बोलायला चहाच्या टपरीवर जाऊ लागलो.

*

चिपमधलं जुनं फर्मवेअर पुसण्याआधी त्याची नक्कल दोनदा काढायची आणि जुळवायची, हा आमचा नियम. दोन्ही नकला वेगळ्या निघाल्या.

"आपल्याले पाहून बदलून राह्यला तो!" भाऊ दुपारभर कंपनीला शिव्या घालत होता. संध्याकाळी कळलं, चिपला लावलेली आमची क्लिप सैल होती. भाऊला ते अजून पटलेलं नाही.

*

खूप दिवस स्क्रीन काळीच राहिली. मग एकदाची उजळली, नवीन कार्डही चाललं. भाऊच्या डोळ्यांत पाणी आलं.

न्यायला मायाबाई आल्या. त्या लॅपटॉपला हात लावेनात.

"पोरीच्या हाती देऊन राह्यली मी. आत काय भरलं तुमी?"

"सगळं उघडं हाय, बाई. लपवलेलं काईच नाई," भाऊ म्हणाला.

"मग वाचून दाखवा."

भाऊ एकेक ओळ वाचून अर्थ सांगू लागला. बाई स्टुलावर बसून नीट ऐकत होत्या. एका जागी तो थांबला.

"समोर?" बाईंनी पुढचं विचारलं.

"हा तुकडा कंपनीचाच ठेवावा लागला. मेमरी त्याच्याबिगर जागी होत नाई. त्यात काय हाय, मलेबी वाचता येत नाई."

बाई स्टुलावरून उठल्या. आता लॅपटॉप इथेच सोडून जाणार, असं मला वाटलं.

त्यांनी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि प्रत्येक लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर एकेक टिकली दाबून बसवली.

"द्या आता," त्या म्हणाल्या.