नापासबाईंनी पास केलेलं यंत्र

ऑफिसात सगळे तिला नापासबाई म्हणायचे. माहिती साठवणारी मोठमोठी यंत्रं गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी तिच्या हाताखालून जात आणि ती त्यांचा पार घाम काढी. म्हणूनच धाकट्या नणंदेने जेवताना विषय काढला तेव्हा तिने हातातला घास ताटात परत ठेवला.

“वहिनी, तुमचं ते नवं यंत्र म्हणजे डोक्याला ताप आहे नुसता. पेशंट टेबलावर आडवा, आणि त्याचा जुना एक्स-रे काही केल्या उघडत नाही!”

नणंद इस्पितळात एक्स-रे काढायची. “जेवताना तरी ऑफिस नको,” असं नवरा म्हणाला, पण दोघींनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

सकाळी ऑफिसात तिने तसंच यंत्र पुन्हा टेस्टला लावलं. ठरावीक माहिती लिहायची, ठरावीक वाचायची. यंत्र मुकाट चालत राहिलं. तिने कामाचा भार दुप्पट केला, तरी हूं की चूं नाही. मग दोन कामांमधलं अंतर थोडं कमीजास्त करून पाहिलं. पडद्यावरची वेगाची रेघ तशीच सरळ. बरेच दिवस अशीच डोकेफोड चालली होती, आणि घरी आलं की नणंदेचा एकच प्रश्न.

“सापडलं का गं काही?”

“सापडलं की सांगेन ना! दारावर पाटी लावू का?” ती खेकसली. मग म्हणाली, “मला तुमच्या एक्स-रेच्या खोलीबाहेर बसू देशील?”

ती रजा टाकून तिथल्या बाकावर जाऊन बसली. बराच वेळ कोणीच फिरकलं नाही. उघड्या दारातून नणंद दोनदा टेबल पुसताना दिसली. मग एकदम पॅसेजचं दार धाडकन उघडलं आणि बसच्या अपघातातली माणसं आत आली, स्ट्रेचरमागून स्ट्रेचर. इकडे फोटो निघताहेत, तिकडे वरच्या मजल्यावरचे डॉक्टर जुने फोटो मागताहेत, आणि नणंद अडकलेल्या पडद्यासमोर हात चोळत उभी. गर्दी ओसरली, शांत झालं. आता संपलं म्हणेपर्यंत पुन्हा झुंड.

काम इथे झुंडीनेच येत होतं. तिच्या टेस्टमध्ये मात्र यंत्राला दर दोन कामांमध्ये दम खायला फुरसत मिळत होती. शिवाय इथे जरा शांत झालं की ते आपली आतली साफसफाई, म्हणजे जुन्या माहितीची आवराआवर, काढून बसे, आणि झुंड नेमकी त्यातच येऊन आदळे.

तिने नवी टेस्ट लिहिली. आधी सामसूम, मग झुंड, तिच्या पाठोपाठ दुसरी. दर वेळी लहानमोठी, वाचणं-लिहिणं एकत्र. काही झुंडींतच यंत्राने मान टाकली. आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. हे यंत्र तिनेच पास केलं होतं.

“असा भार देतं कोण, बाई?” साहेब म्हणाले. “मुद्दाम गळा दाबलात तर कोणीही गुदमरेल. सरासरी बघा, उत्तम आहे.”

“इस्पितळ देतं, साहेब. मी डोळ्यांनी पाहून आलेय. स्ट्रेचरवरच्या माणसाला तुमची सरासरी काय चाटायचीय?”

साहेबांनी नाक मुरडलं, पण नवी यंत्रं पाठवणं थांबवलं. दुरुस्ती ज्याच्या हातात होती तो प्रोग्रामर मात्र म्हणाला, “सवडीने बघू.” तात्पुरता उपाय म्हणून तिने इस्पितळातल्या यंत्राची साफसफाई दिवसा बंद ठेवायला लावली. त्याने थोडा फरक पडला, थोडाच. आता तिच्या टेस्टमध्ये दुसरी यंत्रंही धडाधड नापास व्हायला लागली आणि सहकारी तिला बघून वाट बदलू लागले.

हळूहळू नणंदेने तक्रार करणंच सोडलं. शेवटी वहिनीनेच विचारलं, “आज कसं होतं?”

“अडकतं अजून. लोक माझ्यावर ओरडतात, वहिनी. यंत्रावर कोण ओरडणार?”

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ती आपल्या टेबलाकडे गेलीच नाही. खुर्ची ओढून थेट प्रोग्रामरच्या शेजारी बसली.

“काय हवंय?” त्याने विचारलं.

“तुमची सवड,” ती म्हणाली, आणि त्याने ते काम उघडेपर्यंत जागची हलली नाही.