धुऊन दिलेले शब्द

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत मावशींसमोर ‘तो नेपाळी’, ‘ती बिहारीण’ असं कुणी म्हटलं की त्या तिथेच अडवायच्या. “नाव नाही का त्याला? मुलुखावरून ओळखायला तो काय घोटीचा तांदूळ आहे?” सगळी नोकरी मनमाड स्टेशनच्या चौकशी खिडकीवर झालेली, आवाज खालच्या फाटकापर्यंत जाई. अनेकांना त्या आगाऊ वाटत. मलाही.

मलावीहून शिकायला आलेला जोसेफ त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहू लागला. पोरं त्याला ‘कालू’ म्हणत.

“प्रेमानं म्हणतो हो, मावशी!”

“मग म्हणून झाल्यावर त्याच्या तोंडाकडे बघ जरा.”

एकदा सोसायटीच्या मीटिंगला जोसेफला बोलावलं. मी इंग्रजीचा प्राध्यापक, म्हणून दुभाषी मी. चेअरमन म्हणाले, “ह्या काळ्यांचा भरवसा नसतो. आमच्याकडे पोरीबाळी आहेत. खोली सोडायला सांगा त्याला.” मी जोसेफला सांगितलं, ‘तुझ्या खोलीतून जरा आवाज येतो, एवढंच.’ त्याला दुखवायचं नव्हतं, असं मी मनाशी म्हटलं. खरं तर मला चेअरमनशी वाकडं घ्यायचं नव्हतं. जोसेफनं हात जोडून सगळ्यांची माफी मागितली.

“खोली माझी आहे. तो राहील,” मावशींनी विषय संपवला. जिन्यात मात्र मला गाठलं. “सर, इंग्रजी मलाही कळतं. तुम्ही त्यांचे शब्द धुऊन दिलेत. डाग त्या पोरावर पडला.”

जोसेफ खोलीत अनवाणी वावरू लागला. आईला फोन करायचा तर गच्चीच्या कोपऱ्यात जाऊन कुजबुजायचा. मावशी रोज विचारत, “सांगितलंत?”

“आज सांगतो.”

“मी सांगेन हो. पण त्याचा विश्वास तुमच्यावर आहे. तुमच्याच तोंडून निघू दे.”

नाही निघालं. आपल्यामुळे लोकांना त्रास होतो, असं म्हणत एक दिवस त्यानंच खोली सोडली. मावशींनी किती अडवलं! जाताना माझा हात धरून म्हणाला, “इथे तुम्हीच माझ्याशी नीट बोललात.” मावशी दारातच उभ्या होत्या, माझ्याकडे बघत. रिक्षा वळली. त्यानंतर त्यांनी मला काहीच विचारलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मावशी गेल्या. दहाव्याहून परतल्यावर मी जोसेफला मीटिंगमधला शब्दन्‌शब्द लिहून पाठवला. माझं खोटंही.

त्याचं एवढंच उत्तर आलं : “म्हणजे माझा आवाज येत नव्हता?”